उघड्या दाराचं मशीन

घाटात पोकलेन चालवायला शिकणाऱ्या माणसाला मी पहिल्या दिवशी लिव्हर दाखवत नसे. आधी दार दाखवायचो. केबिनचं दार पूर्ण मागे न्यायचं, दोरीने बांधून टाकायचं आणि सीटचा पट्टा सीटच्या मागे कोंबून ठेवायचा. "मशीन शेठचं, जीव आपला," असं मी सांगायचो. "मशीन कलंडतंय असं वाटलं की विचार करत बसायचं नाही. उडी मारायची." आमच्याकडे सगळे असंच करतात. वरंधच्या घाटात बघा नाहीतर आंबेनळीत बघा, मशीनचं दार उघडंच दिसेल. पट्टा लावून बसलेला ऑपरेटर म्हणजे बरणीत भरलेलं लोणचं, असं आम्ही हसून म्हणायचो.

मी उबेद, महाडचा. वय बावन्न. अकरा वर्षं सौदीत मशीन चालवलं आणि परत आल्यावर जुनैदशेठकडे लागलो. लोक मला उस्ताद म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही. पण उस्ताद, तुम्ही स्वतः कधी उडी मारलीत का, असं मला कुणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं. आयुष्यात एकदाही मारली नव्हती.

सुधीर चार वर्षं माझ्या हाताखाली होता. पोलादपूरच्या वर माळकोंड म्हणून तीस घरांची वाडी आहे, तिथला. उमरठच्या रस्त्याला गाडी सोडायची आणि तिथून सव्वा तास डोंगर चढायचा, तेव्हा त्याचं घर. म्हशी राखणाऱ्या घरातला पोरगा, पण हात असा की बकेटने दगड उचलून कोणाच्या अंगणात ठेवला तर सारवण उखडणार नाही. मी त्याच्यावर सारखा खेकसायचो, कारण तो माझ्यापेक्षा चांगला होणार हे मला दिसत होतं.

गेल्या वर्षी श्रावणात वरंध घाटात दरड आली. आम्ही रस्ता मोकळा करायला गेलो. सुधीर केबिनमध्ये होता आणि मी खाली उभा राहून हाताने खुणा करत होतो. माती उचलायची, केबिन फिरवायची, दरीत टाकायची, असं सकाळपासून चाललं होतं. अकराच्या सुमाराला ज्यावर मशीन चालतं त्या लोखंडी चेनपैकी दरीकडच्या चेनखालचा भराव खचला आणि मशीन कलंडलं. मी जीव खाऊन ओरडलो, "उडी मार! सुधीर, मार उडी!"

त्याने मारली. शिकवलं होतं तसंच केलं, क्षणभरही विचार केला नाही. पण केबिन फिरली की दारही फिरतं. त्या वेळी दार दरीच्या बाजूला आलं होतं. हे एवढं साधं गणित उस्तादाच्या डोक्यात वीस वर्षांत कधी आलं नव्हतं. तो तीस फूट खाली दगडांवर पडला.

आणि मशीन? मशीन आणखी हातभर वाकलं, चेन जुन्या कठड्याच्या दगडाला अडली आणि थांबलं. इंजिन चालूच होतं. मी वर चढून ते बंद केलं, तेव्हा बघितलं, सीटच्या बाजूला ठेवलेली पाण्याची बाटलीसुद्धा पडली नव्हती.

मुंबईच्या दवाखान्यात सहाव्या दिवशी तो नीट बोलायला लागला. कण्याचं हाड मोडलं होतं. कमरेखाली काही जाणीव उरलेली नाही, हे डॉक्टरांनी आदल्या दिवशी त्याच्या बायकोला, संजीवनीला सांगितलं होतं. मी खाटेशेजारी बसलो होतो. त्याने विचारलं, "उस्ताद, मशीन?"

मी म्हटलं, "गेलं खाली. चुराडा झाला."

का म्हणालो? त्याच्याकडे बघवत नव्हतं म्हणून. माझ्या ओरडण्याने तो असा पडलाय हे मला गिळता येत नव्हतं म्हणून. दोन्ही खरं आहे, आणि त्यातलं कुठलं जास्त खरं आहे ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. त्याने माझा हात घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाला, "तुमी ओरडलात म्हणून वाचलो."

वरंधला त्या दिवशी माळकोंडचं कुणी नव्हतं. शेठने दवाखान्याचं सगळं बघितलं आणि मशीन महाडला एका प्लॉटच्या कामाला लावलं. मला म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. पोराला समाधान आहे ना? मग राहू दे."

सुधीरला डोलीतून घरी नेलं. आठ माणसं, आलटून पालटून, बांबूला बांधलेल्या चादरीतून त्याला वर घेऊन गेली. मीही खांदा दिला. अर्ध्या वाटेत तो डोलीतून मला म्हणाला, "उस्ताद, दमलात. ठेवा खाली." तेव्हा मला वाटलं की आत्ताच सांगावं. पण खांद्यावर माणूस असताना असलं काही सांगतात का? असं म्हणून मी टाळलं. पुढेही मी टाळत गेलो, फक्त कारणं बदलत राहिलो.

घरी जो येईल त्याला सुधीर ओटीवर पडल्या पडल्या तीच गोष्ट सांगायचा. सांगता सांगता मशीनने दरीत चार कोलांट्या खाल्ल्या. मग त्याला आग लागली. आणि प्रत्येक वेळी शेवट एकच: उस्ताद ओरडले आणि मी वाचलो. त्याची आई भागूबाई मला बघितलं की बोटं मोडून माझी दृष्ट काढायची. दिवाळीला त्यांच्याकडून करंज्या आल्या. माझ्या बायकोला, हफिजाला, मी खरं काय ते सांगितलं होतं. तिने डबा उघडला आणि तसाच बंद केला.

"माज्या घशाखाली नाय उतरायच्या या," ती म्हणाली. "तुमी त्याला सांगत कशाला नाय?"

"त्याचा एवढाच आधार आहे, हफिजा."

"त्याचा का तुमचा?"

मी तिच्यावर ओरडलो. चुकलेल्या माणसाला ओरडायला घरचंच माणूस सापडतं.

मग डिसेंबरात माळकोंडचा रस्ता मंजूर झाला, आणि काम आलं जुनैदशेठकडे. शेठ खुशीत होता. म्हणाला, "ते मशीन मोकळं आहे, आणि त्या वाडीत तू घरचा माणूस. तूच जा."

"दुसरं मशीन द्या," मी म्हटलं.

"दुसरं आंबेनळीत अडकलंय."

"मग दुसरा ऑपरेटर पाठवा."

पण हे बोलतानाच कळलं की दुसरा ऑपरेटर गेला तर पहिल्याच दिवशी चहा पिताना बोलून मोकळा होईल. वरंधची गोष्ट आमच्यात सगळ्यांना ठाऊक होती. म्हणजे जावं तर मी, आणि न जावं तरी मीच सापडणार. इकडे आड, तिकडे विहीर. नोकरी सोडायचं मनात आलं, पण सोडून सुधीरला काय सांगणार होतो?

मशीनच्या हातावर सुधीरने लाल रंगाने आईचं नाव लिहिलं होतं, भागूबाई. काम सुरू व्हायच्या आधी मी महाडच्या बाजारातून पिवळ्या रंगाचा डबा आणला आणि ते नाव पुसून टाकलं. दोन हात द्यावे लागले, लाल रंग खालून दिसत राहायचा. घरी गेलो तेव्हा हफिजाने माझी नखं बघितली आणि रॉकेलची बाटली पुढे सरकवली. मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. अजूनही वाटतं.

काम खालून सुरू झालं. डोंगर कापत रोज वीस-तीस मीटर वर सरकायचं. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मीच हसलो असतो: हा बाबा रोज आठ तास घाम गाळून स्वतःच्याच पकडला जायचा रस्ता बांधतोय! दगड लागला की मला बरं वाटायचं. एकदा दगड फोडायचा ब्रेकर बिघडला आणि चार दिवस काम थांबलं, तेव्हा मी रात्रभर नीट झोपलो. पण शेठचे फोन सुरू झाले, वाडीतली माणसं रोज येऊन बघायला लागली. भागूबाई तर वरून हात करून ओरडायची, "बाला, आलास रं आलास! अजून थोडं!"

रोज दुपारी भाकरी घेऊन सुधीरचा धाकटा भाऊ रायबा खाली यायचा. चोवीस वर्षांचा, अंगाने दणकट, बोलायला मोकळा. भाकरी ठेवायचा आणि मशीनभोवती फिरायचा.

"उस्ताद, मला शिकवा की," त्याने तिसऱ्याच दिवशी म्हटलं. "दादाबी म्हणतो, शिक. घरात आता कुणीतरी कमावता पायजे ना."

नाही म्हणायला कारण नव्हतं. मी त्याला सीटवर बसवलं. लिव्हरला हात लावायच्या आधी त्याने काय केलं असेल? दार मागे नेलं, खिशातून सुतळी काढली आणि दार बांधलं. मग पट्टा सीटमागे कोंबला आणि माझ्याकडे शाबासकीसाठी बघितलं.

"पट्टा लाव," मी म्हटलं.

तो हसला. "माझी परीक्षा घेताव व्हय? दादानं पयलं ह्येच शिकवलंय. खाटेवर पडून दाखवतो, असं बसायचं, एक पाय भायेर ठेवायचा. पट्टा लावला असता तर दादा आज नसता."

"रायबा, मी सांगतोय ना, लाव."

"पन का?"

का! धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय, अशी माझी गत झाली. त्याला का सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "नवीन नियम आहे." त्याने तोंडदेखला पट्टा मांडीवर ठेवला, खटका लावला नाही. मी पाठ फिरवली की तो परत मागे जायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, तशातली गत. कारण माझा स्वतःचा पट्टाही सीटमागेच असायचा. त्याला ते दिसत होतं.

एके दिवशी भाकरी सोडताना तो म्हणाला, "दादा म्हनत व्हता, मशीनचा आवाज वळखीचा वाटतो."

मी भाकरीचा तुकडा मोडत म्हटलं, "एका जातीच्या मशीनचा आवाज सारखाच असतो रे."

"मीबी त्येच बोललो," रायबा म्हणाला.

आता वाडी ऐंशी-नव्वद मीटरवर आली होती. शेवटून दुसरं वळण अवघड होतं, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला सरळ खाली ओढा. मी ते काम स्वतः केलं आणि सपाट केल्यावर रायबाला मशीन पाच-सहा मीटर पुढे घ्यायला दिलं. एवढ्यात काय होतंय, असं वाटलं. चेनखाली एक सुटा दगड आला, मशीन चढलं आणि धपकन एका अंगावर बसलं. फार काही नाही, सायकल खड्ड्यात जावी एवढंच. पण रायबा सीटवरून उठला होता. एक पाय बाहेरच्या पायरीवर, हात दाराच्या चौकटीला आणि तोंड ओढ्याकडे.

"बस!" मी ओरडलो. "बस खाली! बसून राहा!"

तो थांबला. मशीनही थांबलं. मग तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "बघितलंत? येका उडीचं काम व्हतं. दादासारकाच तयार हाय मी."

मी त्याला खाली उतरवलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि वाडीकडे चढायला लागलो. तो मागून हाका मारत होता, "उस्ताद, काय झालं? रागावलात व्हय?" मी वळलो नाही. वळलो असतो तर परत काहीतरी कारण सापडलं असतं.

सुधीर ओटीवर खाटेवर होता. संजीवनी सुपात नाचणी पाखडत बसली होती. मला बघून त्याचा चेहरा उजळला. "या उस्ताद! संजू, चहा ठेव गो."

"चहा नको," मी म्हटलं. बसलोही नाही. "सुधीर, मशीन खाली गेलं नव्हतं."

"कंचं मशीन?"

"तुझं. वरंधचं. ते पडलंच नाही. कठड्याला अडून जागच्या जागी राहिलं. खाली जे चाललंय ना, ते तेच आहे. मी तुला खोटं सांगितलं."

संजीवनीचं सूप थांबलं. सुधीर छताकडे बघत राहिला.

"इंजिन?" त्याने विचारलं.

"चालू होतं. मीच बंद केलं."

"म्हंजे मी बसून ऱ्हायलो असतो तर?"

हाच एक प्रश्न होता, आणि त्याच्यापासून मी इतके महिने पळत होतो. "तर काही झालं नसतं रे," मी म्हटलं. "डोक्याला टेंगूळ आलं असतं फार तर."

त्याने उशीवरची मान माझ्याकडे वळवली. मग शांतपणे म्हणाला, "तिकडं सौदीत तुमी पट्टा लावायचात?"

"हो. न लावता चालवताना दिसलो तर कामावरून काढलं असतं. मशीन कलंडलं तर सीट सोडायची नाही, पट्ट्यात बसून राहायचं, केबिनच आपल्याला वाचवते, हे त्यांनी आठ दिवस बसवून शिकवलं होतं."

"मंग हितं का नाय?"

"इथे पहिल्या दिवशी लावला होता," मी म्हटलं. "साईटवरचे सगळे हसले. म्हणाले, शेख आलाय, बाळाला झोळीत बांधलंय. दुसऱ्या दिवसापासून नाही लावला."

"हसले म्हणून," सुधीर म्हणाला.

"हसले म्हणून."

संजीवनी उठली. तिने सूप भिंतीला टेकवलं, पदर नीट केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उबेदभाई, तुमी आता जावा."

मी खाली निघालो. रायबा वाटेत भेटला, त्याला म्हटलं, घरी जा, तुझा दादा सांगेल ते ऐक. त्यानंतर दोन दिवस भाकरी आली नाही, रायबा आला नाही आणि वरून भागूबाईची हाकही आली नाही. मी पट्टा लावून काम केलं. पोलादपूरहून वडापाव बांधून आणायचो आणि मशीनच्या सावलीत एकटाच खायचो. मला वाटलं होतं की सांगून टाकल्यावर छाती हलकी होईल. कसली हलकी! आधी निदान खोट्याचा आडोसा होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी रस्ता वाडीत पोचला. शेवटचा बांध सपाट केला आणि मशीन सुधीरच्या अंगणासमोर आलं. सगळी वाडी जमली होती, पण नारळ फोडायला कुणी पुढे आलं नाही. खाट अंगणात आणून ठेवली होती. सुधीर उशांना टेकून बसला होता. त्याने मशीन चेनपासून वरपर्यंत बघितलं. हातावरच्या पिवळ्या रंगाच्या ठिगळावर त्याची नजर थोडी थांबली आणि पुढे गेली.

"बंद करा," तो म्हणाला. मी इंजिन बंद केलं. "मला आत बसवा."

भागूबाई "नको रं बाला" म्हणत पुढे झाली. त्याने तिच्याकडे बघितलं तशी ती थांबली. ज्यांनी डोली वाहिली होती त्यांच्यातल्याच चौघांनी त्याला चादरीसकट उचललं. मी चेनवर उभा राहून काखेत हात घालून त्याला आत ओढलं. चार वर्षं तो या सीटवर उडी मारून बसायचा. आता बसवल्याबरोबर त्याचं अंग डावीकडे, उघड्या दाराकडे घसरायला लागलं. कंबर त्याला धरत नव्हती. मी छातीने त्याला रेटून धरलं.

"पट्टा लावा, उस्ताद."

मी एका हाताने त्याला धरून दुसऱ्या हाताने पट्टा ओढला आणि खटका लावला. तो तिसऱ्यांदा बसला. मग मी हळूच बाजूला झालो. सुधीर पडला नाही. पट्ट्याने त्याला धरलं होतं. त्याने दोन्ही लिव्हरवर हात ठेवले आणि समोर, खालच्या वळणांकडे बघत राहिला.

"रायबा," त्याने हाक मारली. "जवळ ये. नीट बघून घे."

रायबा चेनजवळ येऊन उभा राहिला. त्याचे डोळे लाल होते. तो माझ्याकडे बघत नव्हता.

मग सुधीर माझ्याकडे वळला. त्याच्या तोंडावर राग असता तर मला सोसला असता. तो फक्त विचारत होता, माझ्या हाताखाली असताना एखादं काम समजून घ्यायला विचारायचा तसा.

"असाच बसून ऱ्हायचं व्हतं. येवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. "उतरा तुमी आता. मला बसू द्या जरा."

मी उतरलो. मशीन सपाट अंगणात उभं होतं, इंजिन बंद होतं, कुठेही काहीही कलंडत नव्हतं, आणि तो बसून राहिला.